तरोट्याच्या फुलातला मध

उकंडा मुनेश्वरचा आवाज मी उमेदीची सारी वर्षं ऐकला. पण ज्यांनी आमची नाटकं पाहिली, त्यांच्यापैकी कोणीच तो कधी ऐकला नाही. हेच त्याचं कसब होतं. तो आमच्या मंडळाचा प्रॉम्प्टर. विंगेत एका स्टुलावर बसायचा, मांडीवर नाटकाचं पुस्तक, हातात बॅटरी, आणि नटाच्या तोंडून वाक्य निघण्याच्या एक श्वास आधी ते त्याच्या कानात टाकायचा. ओठ हललेले दिसायचे नाहीत.

मी मंडळात राजा व्हायचो. देह धिप्पाड, मिशा खऱ्या, आवाज मंडपाच्या शेवटच्या बांबूपर्यंत जाणारा. पाठांतर तेवढं देवानं दिलं नव्हतं. तेव्हा राज्य उकंडाचं असायचं, मी नुसता मुकुट घालायचो. अजूनही मारेगावच्या बाजारात भेटला की तो "राजे!" म्हणून हाक मारतो आणि लगेच पुढे म्हणतो, "चाल, चहा पाज."

वणीच्या एका प्रयोगात भर रंगात वावटळ आली. पुस्तक जुनं, शिवण सुटलेली. अख्ख्या प्रवेशाची पानं उडाली आणि प्रेक्षकांच्या डोक्यावरून रस्त्यावरच्या कोळशाच्या ट्रकांकडे निघून गेली. मी सिंहासनावर, समोर माझी लेक झालेली नटी, आणि पुढचं वाक्य गेलं ट्रकात. इतक्यात विंगेतून आवाज आला, नेहमीसारखाच, संथ, न अडखळता. मी बोलत गेलो. बापानं लेकीची माफी मागितली, लेकीनं बापाचा हात धरला, बाया पदरानं डोळे पुसायला लागल्या. पडदा पडल्यावर मालक धावत आला.

"हा प्रवेश कोणाचा रे? पुस्तकात तं नव्हता!"

"हवेचा," उकंडा म्हणाला आणि बिडी शोधायला लागला.

मला मात्र त्यानं नंतर सांगितलं, "पान गेलं म्हनून प्रवेश थांबत नसते, राजे. लोकं बसले असते समोर."

तो प्रवेश पुढे आम्ही कायम ठेवला. जाहिरातीच्या कागदावर मात्र उकंडाचं नाव कधी आलं नाही. राजा, राणी, सेनापती, हार्मोनियमवाला, पडदे रंगवणारा, सगळ्यांची नावं छापली जायची. मी एकदा मालकाजवळ विषय काढला. तो म्हणाला, "प्रॉम्प्टरचं नाव छापत नसतात. लोकाईले वाटलं पाहिजे, राजा सोता बोलून राह्यला. अन् उकंडा हे काय छापायसारखं नाव आहे का?"

नावाची गोष्ट अशी की त्याच्या आईची आधीची लेकरं जगली नव्हती. म्हणून हा जन्मला तसा सुइणीनं त्याला उकंड्यावर, म्हणजे उकिरड्यावर ठेवला आणि आईनं पसाभर ज्वारी देऊन परत विकत घेतला. टाकलेल्या पोराकडे मरणाची नजर जात नाही म्हणतात. आमच्या भागात असे उकंडे गावोगाव आहेत. उकंडा स्वतः त्याचा अभिमान बाळगायचा. "आमी पैलेच फेकून झालेलो आहो," म्हणायचा, "आता कोन फेकते?"

पण त्याची बायको नंदाबाई तसं मानायची नाही. प्रत्येक हंगामात जाहिरात घरी आली की ती चष्मा लावून वरपासून खालपर्यंत बघायची आणि कागद चुलीजवळ ठेवून द्यायची. "पडदेवाल्याचं नाव आहे," म्हणायची. एवढंच.

मंडळ बंद पडलं. मी तांड्यावरच्या माझ्या शेतात परतलो, उकंडानं त्याच्या घराला लागून असलेल्या समाजमंदिरातलं वाचनालय सांभाळायला घेतलं. रद्दीत निघालेलं मराठी काहीही तो तिथं आणून ठेवायचा. शेतीची जुनी मासिकं, मधमाशापालनाच्या पुस्तिका, शाळांची वार्षिकं, वैद्यकीच्या फाटक्या पोथ्या. वाचणारा तो एकटाच. मी जायचो ते पंख्याखाली बसायला.

गेल्या दिवाळीनंतर तिथं पायल आली. उकंडाच्या धाकट्या बहिणीची नात, वणीची, मधमाश्यांवर संशोधन करते. ढिगाऱ्यापुढं ती अशी उभी राहिली, जसा मी पहिल्यांदा भरलेल्या मंडपापुढं उभा राहिलो होतो.

"आबाजी, हे सगळं कोणी वाचलं?"

"मी वाचलं. हिरासिंग राजानं झोपून पाहिलं."

तिनं काम समजावून सांगितलं. मधमाश्या, भुंगे, फुलपाखरं यांना कोणत्या फुलावर कोणत्या महिन्यात खायला मिळतं, याची देशोदेशीची माणसं मिळून एक मोठी यादी करत आहेत. म्हणजे कोणत्या काळात त्यांची उपासमार होते ते कळेल आणि त्या काळात फुलणारं काहीतरी बांधावर राखता येईल. "पण सगळे इंग्रजीच वाचतात," ती म्हणाली. "अन् मग लिहितात की या भागाची माहितीच नाही. माहिती आहे, आबाजी. मराठीत पडून आहे. कोणी उघडत नाही."

फोटो काढून यंत्राकडून वाचून घ्यायचा प्रयत्न तिनं केला होता. जुन्या छपाईत, पिवळ्या कागदावर यंत्र चाचपडतं. माणूसच पाहिजे होता. पुस्तकात सापडेल त्याची नोंद करायची: झाड कोणतं, गाव कोणतं, महिना कोणता, येतं कोण, मधासाठी की परागासाठी, आणि पान कितवं.

"पराग म्हणजे फुलातली पिवळी भुकटी. ती माश्यांच्या पिल्लांचं अन्न," तिनं मला सांगितलं. माझ्या चेहऱ्यावर प्रश्न दिसला असावा. अभिनेत्याचा चेहरा, लपवता येत नाही.

मग सहज बोलल्यासारखं ती म्हणाली, "आणि शेवटी वाचकांची नावं छापली जातात. यादीबरोबर मराठीतही सारांश येणार आहे. त्यात तुमचं नाव येईल."

उकंडा हातातलं मासिक चाळत राहिला. पण आतल्या बाजूला चहा गाळणाऱ्या नंदाबाईचा हात थांबलेला मी पाहिला.

"छापून?" तिनं विचारलं.

"छापून, आजी."

"उकंडा म्हनून?"

"उकंडा मुनेश्वर, मारेगाव."

त्या दिवसापासून उकंडा जो बसला तो उठेना. हिवाळाभर वाचला. मी दुपारी जायचो तर मला ऐकवायचा. बाभुळगावच्या कोण्या शेतकऱ्यानं मासिकाला पत्र लिहिलं होतं की जवसाच्या निळ्या फुलांवर माश्या सकाळीच येऊन जातात, दुपारपर्यंत पाकळ्या गळून पडतात. शाळेच्या वार्षिकात एका मुलीचा घाणेरीवरच्या फुलपाखरांवर निबंध होता. प्रश्नोत्तरांच्या पानावर एकानं विचारलं होतं, तुरीचा बहर सरला की माझ्या पेटीतल्या माश्या रागावल्यासारख्या का वागतात? "अन् उत्तर देनाऱ्यानं लिवलं, भूक लागली म्हनून!" उकंडा मांडीवर थाप मारून हसला. "राजे, तूही असाच होता. प्रयोगाआधी जेवन उशिरा आलं का सेनापतीले शिव्या."

तो नोंदी सांगायचा, पायल शनिवारी येऊन लॅपटॉपमध्ये भरायची. संक्रांतीपर्यंत काम संपलं. नंदाबाईनं मुलाला, राजदीपला, चंद्रपूरला फोन करून सांगूनही टाकलं, "तुह्या बापाचं नाव छापून येनार आहे. हसू नोको."

मग एका शनिवारी पायल आली ती लॅपटॉप न उघडता बसली. प्रत्येक वाचकाच्या थोड्या नोंदी दुसऱ्या कोणाकडून ताडून पाहायच्या, असा त्यांचा नियम होता. उकंडाची एक पुस्तिका वणीच्या जुन्या वाचनालयातही निघाली होती.

"आबाजी, हे तरोट्याचं तुम्ही कुठून घेतलं?"

"पुस्तकातून."

"पान दाखवता?"

तरोटा म्हणजे टाकळा, पावसाळ्यात कुठंही माजणारी रानभाजी. उकंडानं पुस्तिका आणली. मधमाशापालनाची, पातळ, खालचा कोपरा वाळवीनं खाल्लेला. पानावर लिहिलं होतं: 'तरोट्याच्या पिवळ्या फुलांवर सकाळी माश्यांची गर्दी असते. त्या' आणि तिथं भोक होतं.

"तुमच्या नोंदीत आहे, मधासाठी येतात. ते कुठं आहे?"

"इथं," उकंडानं बोट ठेवलं.

"इथं भोक आहे, आबाजी."

"भोक पडायच्या आधी होतं ना थे! माशी फुलावर कायले येईन? मधासाठीच येईन. लग्नात मानूस कायले जाते?"

मी हसलो. पायल हसली नाही. तिनं मोबाइल पुढे केला. वणीच्या प्रतीतलं तेच पान होतं, धडधाकट. 'त्या परागासाठी येतात. या फुलात मध नसतो.'

उकंडानं ते एकदा वाचलं, मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

"जिंदगीभर तरोट्याची भाजी खाल्ली," तो म्हणाला.

"भाजी पानाची खाल्ली," नंदाबाई दारातून म्हणाली. "फुलाले कधी इचारलं?"

"असं आणखी कुठं झालं असेल?" पायलनं हळूच विचारलं.

आता इथं कोणी दुसरा असता तर म्हणाला असता, नाही, ही एकच. उकंडानं त्या भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं. वणीची वावटळ मला आठवली. त्यालाही आठवली असणार.

"मले नाई सांगता येत, पोरी," तो म्हणाला. "सवय आहे ना. वाक्य तुटलं का पुढचं माह्या तोंडात आपोआप येते. कुठं पान बोलून राह्यलं अन् कुठं मी, थे मलेच समजत नाई."

पायलनं नियम सांगितला. पुस्तकात नसलेलं नोंदीत सापडलं की त्या वाचकाच्या सगळ्या नोंदी बाजूला ठेवतात. होळीच्या आत पुन्हा वाचून झाल्या तर घ्यायच्या, नाही तर नाही. आणि नोंदीच नसल्या तर नाव कुठून येणार? हे तिनं म्हटलं नाही. म्हणायची गरज नव्हती. नंदाबाई आत निघून गेली आणि भांडी वाजवायला लागली.

"मी वाचतो," मी म्हणालो. "हा ऐकेल. जे मी वाचेन तेवढंच खरं. मध्ये गाळलेलं असेल तर ते गाळलेलं."

"तू?" उकंडा म्हणाला. "तुले पान दिसलं का छाती फुगते."

खरं होतं ते. पहिल्याच दिवशी मी मोहाच्या झाडावरचा उतारा असा म्हटला की बाहेर क्रिकेट खेळणारी पोरं खिडकीत जमली. पायलनं कपाळावर हात मारला. "राजेआबा, ती माशी आहे. सेनापती नाही."

मग मी आवाज खाली आणला. आयुष्यात पहिल्यांदा मी हळू वाचायला शिकलो. आणि उकंडा? त्याचं काम त्याहून अवघड होतं. फाटक्या जागेशी मी थांबलो की त्यानं फक्त 'रिकामं' म्हणायचं, असं ठरलं. सोपं वाटतं ना? चित्र डोळ्यापुढे आणा. मी वाचतोय, 'बोरीला फुलं येतात ती' आणि पुढे डाग. मी थांबलो. उकंडाच्या गळ्याची गाठ खालीवर झाली. ओठ तसेच, न हलता, आणि त्यांच्या फटीतून अगदी त्या जुन्या विंगेतल्या आवाजात आलं, "भादव्यात."

"हं!" नंदाबाई. ती आता शेजारीच तुरीच्या शेंगा सोलत बसायची. तिचं काम एवढंच.

"रिकामं," उकंडा म्हणायचा, पोरानं शाळेत चूक कबूल करावी तसा.

असा तो पूर्ण आठवडा गेला. शेंगा संपल्या, तिनं लसूण काढला. मी पाहत होतो. आधी तो रागवायचा, मग खजील व्हायचा, आणि मग कुठेतरी एक दिवस मी डागाशी थांबलो तर तो नुसता बसून राहिला. पंख्याचा आवाज ऐकू येत होता. बऱ्याच वेळानं म्हणाला, "रिकामं." नंदाबाईनं मान वर केली, पण 'हं' म्हणाली नाही. रंगभूमीवर मी अनेक थोर माणसं गप्प राहिलेली पाहिली. तसं थांबणं माझ्या पाहण्यात नाही.

उकंडानं मनानं भरलेल्या जागा निघाल्या. फार नव्हत्या, पण होत्या. काहींत त्याचा अंदाज बरोबरही असेल. त्यानं सगळ्याच खोडायला लावल्या.

होळी तोंडावर आली तेव्हा मासिकाचे दोन जाडजूड बांधीव गठ्ठे वाचायचे राहिले होते. सगळ्यात जास्त नोंदी त्यांतच. माझा घसा बसला होता. पायल म्हणाली, "आबाजी, हे गठ्ठे बांधीव आहेत, पानं बरी आहेत. यांत चुका जवळपास नसतीलच. तसेच पाठवू का? नोंदी कमी झाल्या तर नावाचं मी सांगू शकत नाही. ते वरचे लोक ठरवतात."

नंदाबाईच्या हातातली लसणाची पाकळी हातातच राहिली. मी म्हणालो, "पाठव ना. पानं धडधाकट आहेत."

उकंडानं माझ्याकडे पाहिलं. "राजे, तू मुकुट घालून उभा राहायचा तवा तुले पुस्तक दिसत होतं का?"

"नाही."

"मी सांगन थेच तुले खरं. हो का नाई?"

"हो."

"मंग तिकडं दूर कोनी बसला आहे, त्याले मराठी येत नाई. त्याले हे पुस्तक कधीच दिसनार नाई. त्याच्या कानात मीच आहो." तो पायलकडे वळला. "या राजाले त नाटक उरकाचं होतं, पोरी. त्याले माश्या जगवाच्या आहे. थो म्हनन तरोटा राखा, मध भेटते, अन् माश्या उपाशी बसन. नोको. जे वाचून झालं तेवढंच धाड."

"अन् नाव?" नंदाबाई.

"नाव काय, उकंडाचं. फेकलं तरी जगते."

लसूण सोलून झाल्यावर तिनं सालं फुंकून अंगणात टाकली आणि मला म्हणाली, "हिराभाऊ, जेवून जा." म्हणजे पटलं होतं.

मग उन्हाळा गेला. आम्ही तो विषय काढायचो नाही. राहिलेले दोन गठ्ठे मात्र आम्ही वाचत राहिलो, कोणी मागितले नसताना. पायल म्हणाली होती, पुढच्या खेपेला लागतील. आणि खरं सांगायचं तर दुपारी दुसरं करायचं काय?

भादव्यात वाचनालयाच्या भिंतीला लागून तरोटा कमरेएवढा वाढला होता, पिवळा झालेला. ग्रामपंचायतीचा माणूस कापायला आला तर उकंडानं त्याला परत पाठवलं. "पराग आहे त्यात," म्हणाला. "मध नाई, पन पराग आहे." त्या माणसानं माझ्याकडे बघून डोक्याजवळ बोट फिरवलं.

त्याच आठवड्यात पायल आली. पिशवीतून तिनं एक कागद काढला आणि वाचनालयाच्या दाराला चिकटवला. मराठी सारांशाचं शेवटचं पान. खाली बारीक अक्षरात वाचकांची नावं, कोणी साताऱ्याचे, कोणी रत्नागिरीचे. आणि त्यांत, ना वर ना खाली, कुठेतरी मध्ये: उकंडा मुनेश्वर, मारेगाव.

नंदाबाईनं चष्मा लावला. वरपासून सुरुवात केली. एकेक नावावर बोट ठेवत आली, जशी जाहिरातीवर यायची. त्या नावाशी आली, थांबली, आणि पुढची नावंही शेवटपर्यंत वाचली. मग म्हणाली, "पडदेवाल्याचं नाव नाई यात." आणि पदर डोळ्याला लावला.

चहा झाला. समाजमंदिरात दहा-पंधरा माणसं जमली. कोणीतरी म्हणालं, "राजेसाहेब, आज एखादा संवाद होऊन जाऊ द्या!" मला कुठं आग्रह करावा लागतो? मी उठलो, खुर्ची सिंहासनासारखी मागे सारली आणि वणीच्या वावटळीतला तो प्रवेश सुरू केला. 'लेकी, या मुकुटाच्या भारानं माझी मान ताठ राहिली, पण तुझ्यापुढं आज...'

तुझ्यापुढं आज काय? गेलं. पार गेलं. मी सवयीनं उजवीकडे पाहिलं. उकंडा तिथंच बसला होता, हाताची घडी घालून. माझ्याकडे बघत होता. ओठ घट्ट मिटलेले. सगळं समाजमंदिर थांबलेलं.

"रिकामं," तो म्हणाला.

पायल फुटली हसायला, मग सगळेच. मीही हसलो, करतो काय? आणि हसणं ओसरलं तसा उकंडा खुर्चीवरून उठला. विंग नव्हती, पडदा नव्हता. तिथंच, सगळ्यांच्या देखत, पुढे येऊन त्यानं ते वाक्य उचललं:

"पण तुझ्यापुढं आज ती आपोआप वाकते, लेकी. वाकू दे. राजाला माफी मागायला फार उशीर लागतो."

केवढा आवाज! खणखणीत, भरलेला, दाराबाहेर तरोट्यापर्यंत जाणारा. मी इतकी वर्षं तो कानाशी कुजबुजताना ऐकला होता. तो असा आहे हे मलाही माहीत नव्हतं. सगळे टाळी वाजवायचंही विसरले.

नंदाबाई त्याच्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "राजदीपचे बाबा, इतला आवाज होता, तं आजवर बाजारात भाव करताना मलेच काहून वरडाले लावलं?"